अकराचा भोंगा

“दोन दिवस तू पळीला हात लावायचा नाहीस! पळीला नाही, पातेल्याला नाही, काडेपेटीलासुद्धा नाही!” आचारीबुवांनी जेवता जेवता जाहीर केलं आणि काकूंचा घास हातातच राहिला.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मुलांना सुट्टी लागली होती आणि तळ्याकाठच्या माळावर तंबू ठोकून दोन दिवस राहायचं ठरलं होतं. आचारीबुवा, काकू, कॉलेजात जाणारा थोरला आणि शाळेच्या खेळांच्या संघाची कॅप्टन असलेली धाकटी, अशी चार माणसं. चार माणसांचा स्वयंपाक तो काय! आचारीबुवा बटणांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज दोनशे चाळीस माणसांना जेवू घालत होते. “चार माणसं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!” ते म्हणाले.

“आधी उजव्या हातानं काहीतरी करून दाखवा,” काकू म्हणाल्या.

कारण खरी गंमत अशी होती, की लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी काकूंनी नवऱ्याच्या हातचा घोटभर चहासुद्धा प्यायला नव्हता. “दिवसभर भट्टीसमोर उभं राहिल्यावर घरी चुलीचं तोंड बघवत नाही गं,” असं ते म्हणायचे आणि काकू बिचाऱ्या पीठ मळायला घ्यायच्या. रस्त्यात कारखान्यातलं कुणी भेटलं की हमखास म्हणायचं, “काकू, तुम्ही नशीबवान! त्यांच्या हातचा बटाट्याचा रस्सा रोज खाता!” काकू हसून मान डोलवायच्या. काय सांगणार? दिव्याखाली अंधार! कॅन्टीनमधलं अन्न फाटकाबाहेर न्यायला बंदी होती. एकदा नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला त्या फाटकापर्यंत गेल्या होत्या, तेव्हा आतून त्या रश्श्याचा वास आला होता. तेवढाच काय तो त्यांच्या वाट्याला आलेला रस्सा! हे त्यांना आत कुठेतरी फार लागलेलं होतं, आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तयारी मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. दोनशे चाळीस भागिले चार म्हणजे साठ. आचारीबुवांनी वही घेतली आणि कॅन्टीनच्या प्रत्येक मापाला साठानं भागलं. मीठ, तिखट, हळद, तेल, तांदूळ, सगळ्याच्या पुड्या आणि बाटल्या झाल्या. रोजच्या भाताला तमालपत्राची वीस पानं लागायची. विसाला साठानं भागल्यावर एक तृतीयांश पान आलं, तर ते त्यांनी कात्रीनं कापून घेतलं!

“उरलेलं पान?” थोरल्यानं विचारलं.

“ते आठ माणसांचं आहे,” आचारीबुवा गंभीरपणे म्हणाले आणि डबा बंद केला.

शनिवारी दुपारी मंडळी माळावर पोचली. दहा-बारा तंबू आधीच लागलेले होते. फाटकाशी दगडी कचेरी, तिच्यावर एक मोठा भोंगा, समोर एक टेकाड, आणि दोन तंबूंच्या मध्ये एका खांबावर कसलीशी सूचना लिहिलेली पाटी. पाटीला खिळा होता. आचारीबुवांनी आपला स्वयंपाकाचा एप्रन त्या खिळ्याला अडकवला आणि तीन दगडांची चूल मांडली. शेजारच्या तंबूतले दातांचे डॉक्टर सहकुटुंब बघायला आले.

“साहेब, असं बघताय काय? उद्या तुम्हीच वाटी घेऊन याल!” आचारीबुवा म्हणाले.

झालं! हात दाखवून अवलक्षण! संध्याकाळी चूल पेटली, पातेलं चढलं आणि आचारीबुवा समोर दगडावर बसले. बसले ते बसलेच! पाणी उकळलं, उतू गेलं, निम्मं आटलं, तरी तांदूळ हातातच.

“अहो, पाणी...”

“अजून वेळ आहे.”

“कसली वेळ?”

त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. पहिला भात इतका करपला, की पातेल्याचा तळ कुठे संपतो आणि भात कुठे सुरू होतो ते कळेना. दुसऱ्या वेळी घाबरून लवकर उतरवला, तर शितं खड्यासारखी कडकड वाजली. रश्श्यातल्या बटाट्यांनी तर शेवटपर्यंत कुणालाच दाद दिली नाही. डॉक्टर ओठ मिटून बघत होते, पण त्यांच्या धंद्याच्या दृष्टीनं ही चूल फारच आशादायक होती!

चौघांनी पाव आणि केळी खाल्ली. काकूंचे हात नुसते शिवशिवत होते. दोन शब्द सांगितले असते, एकदा झाकण उचललं असतं, तर जेवण झालं असतं. पण मग ते त्यांचंच जेवण झालं असतं. तसं जेवण त्या तेवीस वर्षं जेवतच होत्या!

सकाळी आचारीबुवा तळ्याकडे तोंड करून बसलेले. काकू शेजारी जाऊन बसल्या.

“काय होतंय तुम्हाला?”

“भोंगा नाही गं इथं,” ते म्हणाले.

“कसला भोंगा?”

“कारखान्याचा. दहाचा भोंगा झाला की फोडणी. साडेदहाचा झाला की बटाटे. अकराचा झाला की तांदूळ, आणि साडेअकराच्या भोंग्याला सगळं खाली! सव्वीस वर्षं असाच स्वयंपाक करतोय मी. कानांनी! मापं सगळी साठानं भागून आणली, पण भोंगा आणायचा राहिला.”

“घड्याळ बघा की!”

“घड्याळ बघून औषध देतात. स्वयंपाक करत नाहीत.”

काकूंना हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते त्यांनी गिळलं.

“म्हणून तुम्ही घरी कधी...”

“एकदा केलं होतं. लग्नानंतर तू पहिल्यांदा माहेरी गेलीस ना, त्या रविवारी. रविवारी भोंगा नसतो. ते पातेलं मी अंगणात पुरलं.”

“ते पितळेचं पातेलं?” काकू ताडकन उठल्या. “अहो, त्या पातेल्यापायी मी शेजारणीशी अकरा वर्षं बोलले नाही!”

“मला वाटलं, आता हाताला सवय झाली असेल,” आचारीबुवा खाली मान घालून म्हणाले. “आज शेवटचं बघतो. आज नाही जमलं तर पुन्हा चुलीचं नाव काढणार नाही. तुझ्यासाठी करायचं होतं गं एकदा.”

आता काकू शेजारणीला विसरल्या. आज जेवण होणं भाग होतं, नाहीतर हा माणूस घरी परत गेल्यावरही मनानं इथंच बसून राहील, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

तोड धाकटीनं काढली. तिच्या पिशवीत खेळाच्या मैदानावरची शिट्टी होती. थोरल्याकडे घड्याळ होतं. चार माणसांचं पातेलं लहान, म्हणून अर्ध्या तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी एक लांब शिट्टी द्यायची.

“पण इथून नको,” आचारीबुवांना हुरूप आला. “जवळून वाजली तर ती शिट्टी. लांबून वाजली तरच भोंगा! टेकाडावर जा!”

पोरं टेकाडावर गेली. पहिली शिट्टी झाली आणि काय सांगावं! आचारीबुवांच्या कण्यात कुणी दांडा घातल्यासारखे ते ताठ झाले. फोडणी चरचरली, कांदा पडला, आणि फाटकाबाहेर उभं राहून हुंगलेला तो वास काकूंच्या नाकात शिरला. तेवीस वर्षांनी काकू फाटकाच्या आत आल्या होत्या!

इकडे माळावर मात्र माणसं टेकाडाकडे बघायला लागली. त्या पाटीवर, म्हणजे एप्रनखाली, लिहिलेलं होतं: ‘माळावर शिट्टी वाजवू नये. शिट्टी म्हणजे संकट. शिट्टीमागून भोंगा झाल्यास सर्वांनी कचेरीत जमावे.’ सगळ्या माळानं ती पाटी आल्या दिवशी वाचली होती. वाचली नव्हती ती फक्त ज्यांनी तिच्यावर एप्रन टांगला होता त्यांनी!

दुसऱ्या शिट्टीला बटाटे पडले. डॉक्टर म्हणाले, “वर कुणीतरी अडकलंय.” पलीकडच्या तंबूनं ‘अडकलंय’चं ‘पडलंय’ केलं, त्याच्या पलीकडच्यानं ‘धरलंय’ केलं, आणि बातमी कचेरीत पोचेपर्यंत टेकाडावर एक जनावर आलं होतं आणि त्यानं एका माणसाचा पाय खाल्ला होता! माळाचे व्यवस्थापक काठी घेऊन धावत सुटले. तिसरी शिट्टी वाजायला आणि कारकुनानं कचेरीचा भोंगा सुरू करायला एकच गाठ पडली.

भों ऽ ऽ ऽ!

माळावर एकच पळापळ! भांडी उलटली, पोरं कडेवर गेली, कुणी एका पायात बूट घालून पळालं. डॉक्टर ब्रश तोंडात ठेवूनच धावले. आणि या सगळ्या गोंधळात एक माणूस चुलीपुढे उभा होता. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर आनंद!

“अकराचा झाला!” आचारीबुवा म्हणाले आणि त्यांनी तांदूळ वैरले.

“शाबास पोरांनो! काय हुबेहूब काढलाय!”

“काकू, चला! जनावर आलंय!” डॉक्टरीणबाईंनी काकूंचा हात ओढला. पोरं वर होती! वाऱ्यानं एप्रन उडाला आणि काकूंनी पाटी वाचली. मग टेकाडाकडे पाहिलं. धाकटी मजेत दगडावर बसून पाय हलवत होती, थोरला घड्याळात बघत होता, आणि काठीवाले व्यवस्थापक धापा टाकत वर चढत होते. जनावर कोण, हे काकूंना कळून चुकलं. ते जनावर त्यांनीच वाढवलं होतं!

आता एक हाक मारली असती तर सगळं थांबलं असतं. पण हाक मारली, तर आचारीबुवा पातेलं सोडून माफी मागायला धावणार, भात करपणार, आणि मग पुन्हा कधीच चूल पेटणार नाही. काकूंनी एकदा कचेरीकडे पाहिलं. चाळीसेक माणसं खिडक्यांना नाकं लावून उभी होती. एकदा पातेल्याकडे पाहिलं. मग त्यांनी एप्रन उचलला आणि नीट झटकून पुन्हा खिळ्याला लावला.

“तुम्ही पुढे व्हा हो,” त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. “यांचा भात व्हायचाय.”

जन्मात कुणाला कधी दोन मिनिटं ताटकळत न ठेवणाऱ्या काकूंनी त्या दिवशी भातासाठी चाळीस माणसं कोंडून ठेवली!

टेकाडावर व्यवस्थापक ओरडले, “कुठाय जनावर?”

“थांबा काका,” थोरला घड्याळावरची नजर न काढता म्हणाला, “अजून चार मिनिटं आहेत.”

मग वर काय झालं ते खालून दिसलं नाही, ऐकू मात्र आलं. शेवटी व्यवस्थापकांनी रुमाल हलवला आणि कारकुनानं संकट टळल्याचा भोंगा दिला.

“साडेअकरा!” आचारीबुवांनी रस्सा उतरवला, भात उतरवला आणि झाकण काढलं. शीत न् शीत मोकळं! बटाटा बोटानं दाबला तर लोण्यासारखा दबला. त्यांनी पहिलं ताट वाढलं, दोन्ही हातांनी काकूंसमोर धरलं आणि परीक्षेला बसल्यासारखे समोर बसले.

काकूंनी पहिला घास घेतला. साधा भात, साधा रस्सा. काकूंचे डोळे भरून आले आणि धुराचं निमित्त करायचीही त्यांना आठवण राहिली नाही.

“कसा झालाय?”

“तुमच्या कारखान्यातली माणसं खोटं बोलत नव्हती,” काकू म्हणाल्या.

तेवढ्यात दोन्ही पोरांचे दंड धरून व्यवस्थापक आले. लालबुंद! त्यांनी एप्रन ओढून काढला, पाटी मोठ्यानं वाचून दाखवली आणि हुकूम सोडला, “पंधरा मिनिटांत तंबू उचला! पुन्हा या माळावर दिसायचं नाही!”

“पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, साहेब,” आचारीबुवा आनंदानं म्हणाले आणि त्यांनी पोरांची ताटं वाढली. तंबू शेवटी कारकुनालाच उचलावा लागला. कारण काकूंनी दुसऱ्यांदा भात घेतला होता आणि त्या काही केल्या उठायला तयार नव्हत्या.

आता बटणांचा कारखाना बंद झाला. त्या जागी मोकळं मैदान आहे, आणि सकाळी दहाला त्या बाजूनं काहीच ऐकू येत नाही. पोरं आपापल्या घरी. आचारीबुवा निवृत्त झाले, पण दर रविवारी स्वयंपाक तेच करतात. काकूंनी पळीला हातसुद्धा लावायचा नाही. त्यांनी फक्त मागच्या गच्चीत जायचं, तोंडाला दोन्ही हात लावायचे आणि चार वेळा ‘भों’ करायचं! पहिल्यांदा फार लाज वाटली. आता शेजारपाजारचे त्यावर घड्याळं लावतात. ती शेजारीणसुद्धा!

मागच्या रविवारी मात्र काकूंचा घसा बसला. अकराचा ‘भों’ गच्चीच्या कठड्यापर्यंतही पोचला नाही. आत रस्सा आटत राहिला, तांदूळ हातात राहिले, आणि जेव्हा धुराचा लोट बाहेर आला तेव्हा काकू धावत आत गेल्या.

“तरी मी तुला सांगत होतो,” आचारीबुवा पातेलं खरवडत म्हणाले, “वेळच्या वेळी मीठपाण्याच्या गुळण्या करत जा.”

काकूंनी ते करपलेलं जेवण मुकाट्यानं खाल्लं. बोलणार काय? स्वयंपाकात काहीच चुकलं नव्हतं. बिघाड भोंग्यातच होता!