सुर्वेबाईंच्या हातातला कॉल

आमच्या सुर्वेबाई पाळी संपली तरी खुर्चीवरून उठायच्या नाहीत. म्हणजे अर्ध्याच उठायच्या. खांद्याला पिशवी, कानावर हेडफोन, आणि जिची पाळी सुरू व्हायची तिला एकेक चालू कॉल नावागावासकट समजावून द्यायच्या.

आम्ही रत्नागिरीला टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडायला, ऑपरेटर होतो. एक कॉर्ड खेड्याच्या भोकात, दुसरी मुंबईच्या, की झाली दोन माणसं जोडून. पाळी बदलताना बाकीच्या आम्ही "चार चालू आहेत गो" एवढं म्हणून मोकळ्या. आठ तास कानात खरखर ऐकल्यावर बोलायचं त्राण कोणाला असतं? सुर्वेबाईंना असायचं.

"ही खेडची, हिचं रडून झालंय, आता बोलेल. हे वकील, यांच्या बोलण्यात मध्येच हॅलो म्हणू नको, चिडतात. आणि हा लाजतोय, नवीन लग्न आहे, जरा वेळ दे त्याला."

"बाई, कॉल देताय की मुलीची पाठवणी करताय?" मी म्हणायची.

"हातातलं जिवंत आहे ते, मालू. खाली ठेवायचं नाही. हातातच द्यायचं."

एकदा माझी दुपारची पाळी होती. घरचं सगळं आवरून मी आधीच अर्धमेली होऊन आलेली. बाईंनी एकच कॉल दिला. लाइटनिंग, म्हणजे रांग मोडून सगळ्यांच्या आधी लागणारा.

"मुंबईला मुलगा दुकानात फोन धरून उभा आहे. आजच आखाताला चाललाय, दोन वर्षं येणार नाही. इकडे राजापूरकडच्या गावात त्याच्या आईला पोस्टात बोलवायला माणूस गेलाय. ती पायाने अधू, चढण चढून येणार. तोवर लाइनवर कोणी बोलणार नाही. गप्प आहेत म्हणजे संपलं असं नाही, कळलं?"

"हो हो," मी म्हटलं. निम्मंच ऐकलं होतं.

जरा वेळाने बोर्डावर दिवेच दिवे पेटले. सगळ्यांना घाई. मी त्या लाइनला कान लावला. चिडीचूप. विचारलंसुद्धा नाही हो, दोन्ही कॉर्ड उपटल्या.

आणि लगेच गावचे पोस्टमास्तर लाइनवर! "अहो बाई, म्हातारी आली! धापा टाकतेय. मुलगा कुठाय?"

"अगो बाई, मी लाइन काढली!" माझ्या तोंडून निघालं. मागे बघते तर सुर्वेबाई दारात, एका पायात चप्पल. तशाच आत आल्या. पिशवी खाली ठेवली, मला उठवलं आणि बसल्या. मुंबईची ऑपरेटर शैला, जिचं तोंड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, तिला म्हणाल्या, "शैला, तो दुकानाचा नंबर माझ्यासाठी परत लाव गो. चूक आमची आहे."

आमची म्हणाल्या. मला अजून आठवतं.

पाऊण तास गेला. मधूनमधून पोस्टात सांगणं चालू, "मास्तर, तिला बसायला द्या. पाणी द्या. घालवू नका हं." शेवटी लाइन लागली. दुकानदार म्हणाला, पोरगा आत्ताच बॅग उचलून निघाला, थांबा, हाक मारतो. आम्ही दोघी एकाच हेडफोनला कान लावून. मग धावत आल्यासारखा आवाज, "आये?"

तेवढं ऐकून बाईंनी ऐकायची कळ बंद केली. "आता त्यांचं त्यांना."

बाईंची पावस गावाला जाणारी एसटी केव्हाच गेली होती. मी ओशाळून म्हटलं, "बाई, घरी वाट बघत असतील ना? माझ्यामुळे..."

"घरी कुलूप आहे गो. बारा वर्षं एकटीच आहे." त्यांनी हेडफोन काढून कान चोळले. "गाडीत मात्र कुर्धे गावची एक बाई माझ्यासाठी जागा धरते. शेजारी टोपली ठेवून बसते. आज कंडक्टरला म्हणाली असेल, थांबा जरा, आमच्या बाई यायच्यात."

"थांबला असेल?"

"छे! एसटी ती." आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. "पण म्हणाली असेल हो."