बिलोलीकरांचे फर्मान

मनोहरराव बिलोलीकर कोणत्याही संगणकाच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवल्याशिवाय त्याच्यासमोर बसत नाहीत. लाल, गोल, बायका कपाळाला लावतात तीच टिकली. काळी चिकटपट्टी का नाही, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "पट्टी बघून त्याला कळतं की आपण काहीतरी लपवलो. टिकली बघून वाटतं, घरातली बाई आहे, बघू नये." हा 'तो' कोण, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

अशा संशयी माणसाचे व्यक्तिचित्र लिहायला मी बसलो आहे खरा. पण आधी एक कबुली द्यायला हवी. आमच्या दोघांत ज्याच्यावर संशय घ्यायला हवा होता तो माणूस मी होतो, आणि ही गोष्ट मी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कोणालाही, माझ्या पत्नीलासुद्धा, कळू दिली नाही.

बरकतपुऱ्यातील आमच्या इमारतीत मनोहरराव तळमजल्यावर एकटेच राहतात. त्यांचे घराणे निजामाच्या अमदानीपासून इथले. वडील शेती सोडून शहरात आले, आणि मनोहरराव स्वतः टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाले. मी पुण्याहून बदलून आलेला लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या कामातील खोट शोधणे हा माझा व्यवसाय, आणि तो मी घरी येताना कार्यालयात ठेवून येत नाही, असे माझी पत्नी सुनंदा म्हणते. मनोहररावांची मराठी 'मी केलो, मी बघितलो' अशी चालते. सुरुवातीची काही वर्षे मी ती मनातल्या मनात दुरुस्त करीत असे. हा अपराधही इथेच नोंदवतो.

त्यांचा संशय मात्र माझ्यासारखा आतल्या गाठीचा नव्हता, उघडा होता. दाराला साखळी लावूनच ते बोलत. कुलूप लावल्यावर ओढून बघत, जिन्यापर्यंत जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. फुलवाल्याने पुडीत एक फूल जास्त टाकले तर "आज कैकू?", म्हणजे हे जास्तीचे कशाला, म्हणून त्यालाच हटकत. विकत मिळणाऱ्या सगळ्या संगणक-प्रणाल्यांवर त्यांचा संशय होता. "पैसे घेऊन आपल्याच घरात डोकावतात," असे ते म्हणत. म्हणून त्यांनी इमारतीतील बहुतेक जुन्या, कुरकुरणाऱ्या यंत्रांवर फुकट मिळणारी लिनक्स चढवली होती, आणि ती यंत्रे खरोखरच तरुण झाल्यासारखी चालू लागली होती.

पण लिनक्स नुसती चढवून भागत नाही. कोऱ्या यंत्रात मराठी अक्षरे आणायची, कळफलक जुळवायचा, प्रिंटर ओळखीचा करून द्यायचा, लागतील ती सॉफ्टवेअरे उतरवायची. आणि प्रत्येक पायरीवर यंत्र विचारणार, तुमची खात्री आहे का? या प्रश्नाचा मनोहररावांना विलक्षण राग. "अहो, इतका संसार केलो, बायकोनं कधी विचारलं नाही, खात्री आहे का म्हणून. ही कोण लागून गेली?"

या रागातूनच त्यांचे 'फर्मान' जन्माला आले. फर्मान म्हणजे आज्ञांची एक लांबलचक फाइल. कोऱ्या यंत्रात ती पेन ड्राइव्हवरून सोडायची; मग सगळी कामे ती क्रमाने करते आणि सगळ्या प्रश्नांना स्वतःच 'हो' म्हणते. जगाला एकही होकार सहजासहजी न देणाऱ्या माणसाने आपले सगळे होकार असे एका फाइलीत भरून ठेवले होते. पडद्यावर उमटणारी तिची भाषाही त्यांचीच. "मराठी अक्षरं आणलो." "प्रिंटर शोधतोय, परेशान होऊ नका." "हल्लू चाललंय, तोपर्यंत चहा पिऊन घ्या." तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखवहिनी ही ओळ उमटली की खरोखरच उठून आधण ठेवीत. शेवटी यायचे, "झालं. आता हात लावा." तोवर कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

दर दसऱ्याला ते इमारतीतील सगळी यंत्रे पुसून नव्याने उभी करीत. लोकांचे फोटो आणि कागदपत्रे आधी बाजूला काढून ठेवीत, आणि मग फर्मान सोडीत. "वर्षभर माणसं यात काय काय कचरा भरतात. दसऱ्याला घर झाडतो का नाही आपण?" त्याआधी खंडेनवमीला फर्मानाची पूजा व्हायची, आणि ती आमच्या घरी. त्यांची पत्नी कुसुमताई गेल्यापासून त्यांनी आपल्या घरातली पूजा बंद केली होती. अष्टमीला ते पेन ड्राइव्ह वाटीत घालून आणीत आणि सुनंदाच्या हाती देत. "वहिनी, हे हत्यार तुमच्या देवापुढं राहू द्या." विळी, पक्कड आणि माझे गणकयंत्र यांच्या शेजारी, हळदकुंकू लावलेला तो पेन ड्राइव्ह रात्रभर बसे.

गेल्या वर्षी अष्टमीच्या दुपारी सुनंदा झेंडूची फुले आणायला गौलीगुड्याला गेली होती. घरात मी आणि तिने हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलेली ती वाटी. मी पेन ड्राइव्ह उचलला आणि माझ्या संगणकाला लावला.

का लावला? मी स्वतःला सांगितले की आपल्या यंत्रात काय शिरते हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो होताच, पण तो विचारून बजावायचा असतो. सगळी इमारत अडले की तळमजल्यावर धावते, माझ्याकडे कोणी येत नाही, हे मला खुपत होते, हे खरे कारण. मनोहररावांनी प्रत्येक आज्ञेच्या वर ती कशासाठी आहे ते मराठीत लिहून ठेवले होते, त्यामुळे फर्मान वाचणे मुळीच अवघड नव्हते. अक्षरे, कळफलक, प्रिंटर. आणि अगदी तळाशी, "शेवटची पायरी : घरी कळवणे." खालची आज्ञा अशी होती की यंत्र सकाळी पहिल्यांदा सुरू झाले की त्या घराचे नाव तळमजल्यावरच्या मनोहररावांच्या संगणकाला पोचावे.

लेखापरीक्षकाला जन्मभर वाट पाहून सापडावी तशी नोंद मला सापडली होती. जो दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांवर टिकल्या लावतो, तोच आपल्यावर नजर ठेवतो! हे बोलून दाखवायला हवे होते. मी बोललो नाही. ओळीच्या आरंभी जाळीसारखे एक चिन्ह टाकले की यंत्र ती ओळ ओलांडून पुढे जाते, हे मला त्यांनीच शिकवले होते. ते चिन्ह मी टाकले, फाइल बंद केली, ड्राइव्हवरचे पुसले गेलेले कुंकू पुन्हा लावले आणि तो वाटीत ठेवून दिला.

माझ्या एकट्याच्या यंत्रातून ती ओळ निघावी एवढीच माझी इच्छा होती, असे मी नंतर स्वतःला समजावले. पण फर्मान एकच होते. दसऱ्याला मनोहरराव घरोघर फिरले आणि माझे एका बोटाचे कृत्य त्यांच्या फाइलीने प्रत्येक घरात इमानेइतबारे करून ठेवले.

दिवाळीच्या सुमारास ते दारात आले. "जोशीसाब, सकाळी मशीन लावलात?"

"लावली की. का?"

"चालली?"

"उत्तम."

"मग ठीक," असे म्हणून ते गेले, आणि मग देशमुखांच्या दारात तोच प्रश्न ऐकू आला. पुढे हे रोजचेच झाले. त्यांनी आधी विजेवर संशय घेतला, मग प्रणालीच्या नव्या आवृत्तीवर, मग समोरच्या गच्चीवरच्या टॉवरवर. शेवटी त्यांचा संशय यादगिरीवर येऊन थांबला. यादगिरी हा आमच्या इमारतीचा इंटरनेटवाला. अंबरपेठेहून स्कूटरवर तारांची वेटोळी घेऊन येतो.

"तोच मधी काहीतरी अडवतोय," मनोहरराव इमारतीच्या बैठकीत म्हणाले. "नवीन माणूस बघायचं."

बिलोलीकरांना संगणकातले कळते, म्हणून सर्वांनी माना हलवल्या. मीही हलवली. संक्रांतीनंतर दुसऱ्या कोणाला काम द्यायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी यादगिरी माझ्याकडे आला. "साब, आप हिसाब-किताब के आदमी हैं, आप बोलो ना बिलोली साब को. मैं उनके तार को हाथ बी नै लगाया. इस बिल्डिंग का काम गया तो बाजूवाले बी छोड़ देते, बोलते कुछ तो करा होगा इनो."

"देखेंगे," मी म्हणालो.

तो गेल्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, त्या गरिबाबद्दल बोला ना चार शब्द. मनोहरराव तुमचं ऐकतात." मी वर्तमानपत्र उघडले. त्यात काय छापले होते ते मला आजही सांगता येणार नाही.

भोगीच्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. मनोहररावांचे दार सताड उघडे होते, आणि आत स्टुलावर चढून यादगिरी तारांची जोडणी तपासत होता. खालून मनोहरराव त्याच्या हातांवर विजेरीचा झोत धरून उभे होते.

"दिखा. वो निळा वायर दिखा."

"साब, टॉर्च मेरे आँख में मार रैं आप. वायर कैसा दिखाऊँ?"

"तेरे आँख में बी देखना पड़ता मेरे कू."

मी आत गेलो. इतक्या वर्षांत मी त्या घराचा उंबरा प्रथमच ओलांडत होतो. ओट्याशेजारी फळीवर एक जुनाट संगणक चालू होता, त्याला लहानसा स्पीकर जोडलेला. माझ्या तोंडून निघून गेले, "मनोहरराव, ते 'घरी कळवणे' म्हणजे नेमके काय होते?"

त्यांनी विजेरी खाली केली. प्रश्नाने ते इतके सुखावले की त्यातील वावगे त्यांना लगेच जाणवलेच नाही.

"ही सकाळी रांगोळी घालायला अंगणात जायची ना, तवा वर बघायची. कुणाच्या खिडकीत दिवा लागला, ते आत येऊन सांगायची. देशमुखांकडं उजाडलं. जोशींकडं उजाडलं. मी पडूनच ऐकायचो. सगळ्यांकडं उजाडलं की मग उठायचो." ते फळीकडे वळले. "ही गेली, मग मी याला शिकवलो. तुम्ही मशीन लावलात की हा बोलायचा, जोशींकडं उजाडलं. बाकी काही नाही, कसम से. कुणी काय बघतं, काय लिहितं, मला काय करायचंय? दसऱ्यापासनं मात्र गप आहे. या घरात कुणाकडंच उजाडेना झालंय."

"फाइल तपासली नाही?" मी विचारले.

"ती कशी तपासू? वहिनींच्या देवापुढनं आलेली. ती उघडून बघायची म्हणजे तुमच्या घरावर शक घेतल्यासारखं." आणि मग ते थांबले. आयुष्यभर सगळ्या जगाकडे ज्या नजरेने त्यांनी पाहिले, त्या नजरेने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "जोशीसाब, ही ओळ मी कुणालाच दाखवलो नाही. तुम्हाला कशी ठाऊक?"

स्टुलावर यादगिरीचे हात थांबले होते.

"ती ओळ मी बंद केली," मी म्हणालो. "अष्टमीला, पूजेतून उचलून. तुम्हाला विचारायचे धैर्य नव्हते म्हणून चोरून वाचली, आणि पुढे खरे बोलायचे धैर्य नव्हते म्हणून या माणसाला तुमच्यापुढे चोरासारखे उभे राहू दिले. मनोहरराव, मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा. यादगिरी, तुम भी मुझे माफ करो."