बसू नये असं बाक

आमच्या आत्याचे गुडघे गेले, ही बातमी आमच्या सेवा मंडळात मोठ्या समाधानाने ऐकली गेली. गेलं वर्षभर मंडळाकडे एकही गरजू शिल्लक नव्हता. होते तेवढ्यांना आम्ही ब्लँकेटं वाटून संपवलं होतं. काहींच्या घरी ती इतकी साठली, की ते परत करायला आले. तेव्हा आम्ही छोटासा समारंभ करून तीच ब्लँकेटं त्यांना पुन्हा वाटली.

आत्याचं दुकान चढणीच्या पायथ्याशी आणि घर माथ्यावर. दुकानात ती लोकांच्या पँटची उंची कमी करते, चेन बदलून देते आणि जाड झालेल्यांचे कपडे त्यांना न दुखावता सैल करते. दुकान आणि घर यांच्या मधली गल्ली इतकी अरुंद आहे, की तिच्यात वाहन शिरत नाही. अर्ध्यावर एक वळण आहे, तिथे गल्ली जरा रुंदावते आणि एक झाड आहे. आत्याचे गुडघे तिथवर साथ द्यायचे. पुढे द्यायचे नाहीत.

परगावच्या आतेभावाने तिला बजावलं होतं, की हे रोजचं चढणं-उतरणं पुरे, दुकान बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. वर्षअखेरीला तो सामान न्यायला टेम्पो घेऊन येणार होता. आत्या म्हणायची, त्याच्याकडे सगळं आहे, सोफा आहे, सून गुणाची आहे, फक्त मला करायला काही नाही. तिथे मी नुसती बसून राहीन, आणि बसून राहायचंच असेल तर मला ते चढणीच्या मध्यावर हवं आहे.

म्हणून एका रविवारी जेवताना तिने विषय काढला. आमचे काका मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि आत्या त्यांची मोठी बहीण. अख्खं गाव त्यांना अध्यक्षसाहेब म्हणतं. आत्या बाळ्या म्हणते.

"बाळ्या, तुझं ते मंडळ लोकांसाठी करतं ना काहीतरी? मग मला वळणावर एक बाक टाकून दे. दोन मिनिटं टेकले, की पुढचं मी चढते."

काकांनी घास खाली ठेवला. "ताई, असं नुसतं बाक टाकता येत नाही. त्याचा प्रकल्प करावा लागतो."

घरात माळ्यावर एक जुनी फळी पडून होती. दोन दगडांवर ती टाकली असती, तर संध्याकाळपर्यंत काम झालं असतं आणि ही गोष्टही झाली नसती. पण फळीचं उद्घाटन करता येत नाही.

मंडळाच्या बैठकीत 'चढण-मध्य विश्रांती अभियान' एकमताने मंजूर झालं. मी मंडळाचा सर्वांत तरुण सभासद. माझ्या फोनचा कॅमेरा चांगला असल्यामुळे माझ्याकडे प्रसिद्धी विभाग आहे. पहिलं पाऊल म्हणून थकव्याचा अभ्यास करायचं ठरलं. आम्ही सगळे नव्या पिवळ्या टोप्या घालून गल्लीच्या तोंडाशी जमलो, फोटो काढला आणि चढू लागलो. वळणापर्यंत पोहोचता पोहोचता मंडळाचे निवृत्त मुख्याध्यापक झाडाला धरून उभे राहिले, आणि दातांचे डॉक्टर, जे आमचे खजिनदारही आहेत, कुणाशी बोलेनासे झाले. टेकायला कुठेच जागा नव्हती. आम्ही खाली उतरलो, आत्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसून चहा घेतला आणि नोंद केली, की जागेवर बसण्याची सोय नसल्याने अभ्यास अपुरा राहिला. अभ्यास करण्यासाठी आधी बाक हवं, यावरही सर्वांचं एकमत झालं.

मग निधी. आमच्या मंडळात देणगीला नाव लावायची पद्धत आहे, आणि ती आम्ही निष्ठेने पाळतो. शाळेला दिलेल्या पाण्याच्या टाकीवर इतकी नावं आहेत, की मुलं नळ शोधता शोधता वाचायला शिकली. बाकाच्या बाबतीत प्रतिसाद अपेक्षेबाहेर आला. पाठीची जागा पहिल्याच आठवड्यात भरली. मग हात भरले. पाय आम्ही होतकरू देणगीदारांसाठी राखून ठेवले, तेही गेले. शेवटी मोठ्या मनाच्या लोकांसाठी मोठी जागा म्हणून बसायची फळी खुली केली, आणि तिच्या बरोबर मध्यभागी, सर्वांत ठळक अक्षरांत, दातांच्या डॉक्टरांचं नाव कोरलं गेलं.

बाक दगडाचं होतं, देखणं होतं, आणि वाचायला चांगली दुपार लागावी इतकं भरगच्च होतं. ते वळणावर बसवण्याआधीच्या बैठकीत डॉक्टरांनी हात वर केला. मग त्यांनी विचारलं, की बाकावर लोक बसणार, म्हणजे नक्की कुठे बसणार?

"फळीवर," काका म्हणाले.

"म्हणजे माझ्या नावावर."

"तुमच्या एकट्याच्या नाही. तिघेजण मावतात."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "अध्यक्षसाहेब, मी आयुष्यभर माणसाच्या वरच्या टोकाशी काम केलंय. खालच्या टोकाशी माझा संबंध नको."

यावर कुणी हसलं नाही, कारण फळीवर अजून बऱ्याच जणांची नावं होती आणि प्रत्येकजण मनातल्या मनात आपल्या नावावर कुणीतरी बसवून पाहत होता. पाठीवरचे देणगीदार म्हणाले, टेकणारा माणूस घामाघूम असणार. पायांवरचे म्हणाले, आमच्याकडे कुत्री येतील, त्याचं काय? शेवटी मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. फलक त्यांनी स्वतः लिहिला, कारण शुद्धलेखनाच्या बाबतीत ते दुसऱ्या कुणावर विसंबत नाहीत: 'हे बाक थकल्याभागल्यांना बसण्यासाठी सस्नेह अर्पण. कृपया यावर बसू नये.'

उद्घाटनाला बसायचं कशावर, हा प्रश्न होताच. मंडपवाल्याकडून गादीच्या खुर्च्या मागवल्या. माणसांनी त्या डोक्यावर घेऊन वळणापर्यंत चढवल्या, बाकाच्या चहूबाजूंना मांडल्या आणि आम्ही सगळ्यांनी ऐसपैस बसून बाकाचं कौतुक केलं. प्रमुख पाहुणे विश्रांतीचं महत्त्व या विषयावर इतका वेळ बोलले, की पुढच्या रांगेने ते लगेच अमलात आणलं. आत्याला लाभार्थी म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर ती उरलेली चढण एकदाही न थांबता चढून गेली. वर्षभरात असं पहिल्यांदाच झालं होतं. प्रकल्पाचा परिणाम तात्काळ दिसून आल्याचं मी अहवालात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या गेल्या. बाक राहिलं. आत्या वळणावर आली, फलक वाचला आणि झाडाला टेकून उभी राहिली. संध्याकाळी घरी येऊन तिने काकांना एवढंच सांगितलं, की पूर्वी तिथे झाड होतं आणि ते सगळं तिचं होतं. आता बाक पाहायला येणारेसुद्धा झाडालाच टेकतात, त्यामुळे तिला नंबर लावावा लागतो.

काही लोक मात्र शिकलेले असूनही फलक न वाचता बसत. पिठाची पोती वर नेणारा हमाल बसला. एक गृहस्थ बसून संत्रं खात होते, आणि साली त्यांनी नेमक्या मुख्याध्यापकांच्या जावयाच्या नावावर ठेवल्या होत्या. मंडळाने तातडीने पहारा ठेवायचं ठरवलं. पहारा सेवाभावानेच करायचा होता, म्हणजे सभासदांनी पाळीपाळीने. पण दिवसभर उभं राहून पहारा देणं कुणालाच झेपेना. म्हणून पहारेकऱ्यासाठी बाकाशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवण्यात आली.

पहिली पाळी माझी होती. संध्याकाळी आत्या धापा टाकत आली.

"तू इथे काय करतोयस रे?"

"बाकावर कुणी बसू नये म्हणून बसलोय."

तिने माझ्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, आणि ती काही म्हणायच्या आत मी उठलो. ती खुर्चीत बसली. श्वास जागेवर येऊ दिला. मग म्हणाली, "तुमच्यातले बाकीचे येणार आहेत का पाळीला?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टरांकडे पेशंट होते, मुख्याध्यापकांना वारं सोसत नव्हतं, आणि काकांनी स्वतःचं नाव मार्गदर्शक म्हणून घातलं होतं.

"मग हे काम मी करते," आत्या म्हणाली.

मंडळ इतकं सुखावलं, की तिचा शाल देऊन सत्कार झाला. लाभार्थीच स्वयंसेवक होणं, हे आमच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. आत्या रोज दुपारी उशिराने दुकान बंद करायची, उरलेलं हातशिलाईचं काम पिशवीत घालून वळणावर यायची आणि खुर्चीत बसून टाके घालत बाक राखायची. गुडघ्यांना पुरेशी विश्रांती मिळाली, की उठून घरी जायची. आतेभावाला तिने फोनवर कळवलं, की इतक्यात टेम्पो ठरवू नकोस, मी सरकारी नाही पण जबाबदारीच्या पदावर आहे.

पण चढण काही तिच्या एकटीची नव्हती. हमाल यायचा, पोटुशी शेजारीण यायची, वरच्या आळीतले दम्याचे आजोबा यायचे. बाकाशेजारी उभे राहून ते आत्याच्या खुर्चीकडे असे बघायचे, की तिच्या हातून टाका चुकायचा. मग ती उठायची. आजोबा बसायचे आणि आत्या बाकाचा पहारा उभ्याने करायची. आठवडाभरात गुडघे पुन्हा सुजले. आतेभावाने टेम्पोची तारीख कळवली.

मी तिला म्हटलं, आत्या, खुर्चीतून उठू नकोस, पद सोडायचं नसतं, जरा काकांकडून शीक. ती म्हणाली, त्याचे गुडघे धड आहेत, उभ्याचं दुखणं त्याला दिसत नाही, म्हणून जमतं त्याला बसून राहायला.

पुढच्या बैठकीला ती स्वतः आली. पहारेकरी या नात्याने तिने गंभीर तक्रार मांडली. उन्हाने अक्षरांचा रंग उडतोय, धूळ बसतेय, एक कावळा तर रोज ठरावीक नावावरच येतो. कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही. सभेत चुळबुळ सुरू झाली. तिने सुचवलं, की बाकाला खोळ शिवावी. जाड कापडाची, आतून कापूस भरलेली, म्हणजे नावांना धक्का लागणार नाही.

"कापूस कशाला?" काकांनी विचारलं.

"नावं मोठ्या लोकांची आहेत, बाळ्या. टोचायला नकोत."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. आत्याने जुन्या पडद्यांची खोळ शिवली. पाठीला वेगळी, फळीला वेगळी, हातांना गोल उशा. बाकावर ती इतकी चपखल बसली, की बाक प्रथमच बाकासारखं दिसायला लागलं. मग आत्याने फलकाकडे पाहिलं. फलकाच्या मापाची एक छोटी खोळ तिने आधीच शिवून आणली होती.

टेम्पो ठरल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. आतेभाऊ आईला न्यायला तावातावाने चढू लागला. तो खातापिता माणूस आहे. वळणापर्यंत आला तेव्हा त्याचा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला होता, आणि बाकावर एका टोकाला दम्याचे आजोबा, मध्ये आत्या आणि दुसऱ्या टोकाला हमाल बसला होता. आईला काय सांगायचं हे तो रस्ताभर पाठ करत आला होता. प्रत्यक्षात त्याने हमालाला विचारलं, "भाऊ, जरा सरकता का?"

तो बराच वेळ बसला. उठला तेव्हा म्हणाला, की टेम्पोत काहीतरी न्यायलाच हवं, भाडं दिलंय. आत्याने त्याला मंडळाची ब्लँकेटं दिली.

सगळं सुरळीत चाललेलं असताना मंडळाला उत्कृष्ट उपक्रमाचं पारितोषिक जाहीर झालं आणि आमचे पदाधिकारी फोटोसाठी वर आले. चढून आल्यामुळे सगळे आधी बाकावर कोसळले. डॉक्टर नेमके मध्यभागी बसले. बऱ्याच वेळाने त्यांना वाचा फुटली.

"माझं नाव कुठंय?"

"तुमच्या खाली," आत्या म्हणाली. "अगदी सुखरूप आहे."

डॉक्टर उठू पाहत होते, पण पाय ऐकेनात. तेव्हा त्यांनी बसल्या बसल्याच मागणी केली, की खोळीवर दोऱ्याने नावं भरून घ्यावीत. बाकीच्यांनी मान डोलावली. मी आत्याकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती.

"भरते की. पण आतल्या बाजूने. बाहेरची मळतात."

सगळे विचारात पडले. मग काकांनी मला विचारलं, आतल्या बाजूचा फोटो येईल का? मी म्हटलं, खोळ उलटी करून छान येईल. प्रश्न मिटला. नावं आत गेली, फोटो छापून आला, आणि त्या दिवसापासून बाकावर कुणीही बसतं, कुणाचीही तक्रार नाही. मंडळाने पुढच्या वर्षीसाठी आणखी दोन गुडघे शोधायला सुरुवातही केली आहे.

तुम्हाला आमच्या मंडळाचं हसू येत असेल तर येऊ द्या. फक्त एक निरोप पोहोचवायचा राहिला. खोळीच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, आत्याने बोटभर जागा मोकळी ठेवली आहे. देणगीची सक्ती नाही, नाव तेवढं लहान हवं. आडनाव गाळून ते तिथे मावतं की नुसत्या आद्याक्षरांवर भागवावं लागेल, याचा हिशोब तुम्ही आत्ता केलाच आहे, तर तो मला कळवा. फोटो मीच काढणार आहे.