शिल्लक व्यायाम

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, वेळ पाळणारी आणि हुशार! हे नारायण पेठेतल्या सुदर्शनचं ठाम मत होतं, आणि आपण कुठल्या प्रकारात मोडतो हे तो कुणी न विचारताही सांगायचा. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टीम लीड होता. म्हणजे दिवसभर इतरांना "झालं का?" असं विचारण्याचा पगार घेत होता.

त्या वर्षी त्याच्या साहेबांनी, हिंमतरावांनी, एक टूम काढली. अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी दिवाळीत ऑफिसात कुणी थांबायचं, याचा निकाल म्हणे रस्सीखेचीवर! सुदर्शनची टीम विरुद्ध राजनंदिनीची टीम. हरेल तो थांबेल.

सुदर्शनची तीन वर्षं हुकलेली दिवाळी या वर्षी अकोल्याला, बायकोच्या, म्हणजे आनंदीच्या, माहेरी होणार होती. तिनं तिकिटंही काढून ठेवली होती.

राजनंदिनीनं दुसऱ्याच दिवसापासून सगळ्यांना पहाटे मैदानावर उभं केलं. गळ्यात शिट्टी. पहिली वाजली की दोर धरायचा, दुसरी वाजली की सोडायचा. मध्ये खोकायचंसुद्धा नाही!

"ही काय शाळा आहे?" सुदर्शन आपल्या टीमसमोर कडाडला. "आपल्याकडे फ्लेक्सी टाइम! महिनाभराच्या जोर-बैठका ठरवून दिल्यात. कधी मारायच्या ते तुमचं तुम्ही बघा."

टीममधल्या वरदनं हात वर केला. "सर, राहिलेला व्यायाम कॅरी फॉरवर्ड होतो का? रजेसारखा?"

"अर्थात! आपण प्रोफेशनल लोक आहोत."

झालं! इथेच माशी शिंकली. सोमवारी कामाची घाई, मंगळवारी कुणाचा तरी वाढदिवस, बुधवारी टीममधल्याच शंभूच्या मेव्हण्याचा साखरपुडा. सुदर्शन स्वतः एकदा पर्वती चढायला निघाला, पण आधी अंगात ताकद हवी म्हणून मिसळ खाल्ली आणि मग अंगात झोप आली.

"अहो, व्यायाम?" आनंदीनं विचारलं.

"शिल्लक आहे भरपूर!"

"छान. या वेळीही दिवाळी हुकली ना, तर मी एकटी जाईन. परत कधी यायचं ते मात्र फ्लेक्सिबल ठेवीन."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शंभू धावत आला. "सर, घात झाला! उद्या सगळा शिल्लक व्यायाम लॅप्स होणार!"

लॅप्स! नोकरदार माणूस एक वेळ यमाला भिणार नाही, पण या शब्दाला भितो. हक्काची रजा आजवर कुणी वाया घालवली नव्हती, मग हक्काचा व्यायाम कसा घालवतील? सगळी टीम गच्चीवर गेली आणि महिन्याभराचे जोर, महिन्याभराच्या बैठका एका दुपारीत वसूल करून खाली आली. खाली आली म्हणजे कठड्याला धरून धरून आली.

दुसऱ्या दिवशी कुणाचा हात खांद्याच्या वर जाईना. शंभूला तर चौघांनी लोखंडी कपाट उतरवावं तसा बसमधून उतरवला.

संध्याकाळी राजनंदिनीच्या शिट्टीवर सामना सुरू झाला. राजनंदिनीच्या टीमनं पहिल्याच हिसक्याला त्यांना फरफटत नेलं. "ओढा रे! अकोला चाललं!" सुदर्शन ओरडत होता. पण ओढणार कोण? रेषा वीतभर उरली. चकल्या, अनारसे, सासूबाईंची बासुंदी, सगळं डोळ्यांपुढून दूर जाऊ लागलं.

इतक्यात फाटकावर कंपनीची बस सुटायला आली आणि वॉचमननं शिट्टी फुंकली. पिर्रर्र!

महिनाभराची शिस्त ती! राजनंदिनीच्या अख्ख्या टीमनं एका क्षणात दोर सोडून दिला.

"अरे गाढवांनो, ती माझी शिट्टी नव्हे!" राजनंदिनी किंचाळली.

सुदर्शनची टीम दोरासकट धाडकन मागे कोसळली.

"जिंकलो!" शंभूच्या खालून सुदर्शनचा आवाज आला. उठून मात्र कुणी दाखवलं नाही.

सुदर्शनची कंबर अशी धरली, की डॉक्टरांनी दिवाळी उलटेपर्यंत अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलं. आनंदीनं उशाशी फराळाचा डबा ठेवला, शेजारच्या गोदाबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि ठरल्या गाडीनं ती अकोल्याला गेली. एकटी.

ऐन लक्ष्मीपूजनाला हिंमतरावांचा फोन आला.

"सुदर्शन, तू ऑफिसला अजिबात यायचं नाहीस हं! जिंकला आहेस तू. पण घरी नुसता आडवाच आहेस ना? मग लॅपटॉप घे पोटावर. आणि वेळेचं काही बंधन नाही बरं का. फ्लेक्सिबल आहे!"