भर बुधवारी घरी

बुधवारी सकाळी, कामाच्या ऐन वेळी, अभिराम सोफ्यावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता आणि पुण्याहून नेदरलँड्सला मुलाकडे आलेले शशिकांतराव मोबाइल वाचण्याचं निमित्त करून त्याच्याकडे पाहत होते.

"आज ऑफिस नाही?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही बाबा. बुधवारी माझा पापादाख असतो. म्हणजे बाबाचा दिवस. गुंजनबरोबर घरी राहायचं. इथे बरेच बाप घेतात."

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

शशिकांतरावांनी मान डोलावली. जिल्हा परिषदेच्या हिशेबतपासणीत त्यांची हयात गेली होती. एका प्रश्नाला कोणी पाच वाक्यांचं उत्तर दिलं, की इथे पाणी मुरतंय हे ते ओळखत. पोरगी सांभाळायला बापाला दर आठवड्याला मोकळा सोडणारा साहेब त्यांनी पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. पोराची नोकरी गेली होती, निदान जायच्या वाटेवर होती. बाकीचे दिवस तो सायकल काढून जात असे खरा, पण त्याने काय सिद्ध होतं? त्यांच्या खात्यातला एक निलंबित हेडक्लार्क रोज डबा घेऊन सारसबागेत जाऊन बसायचा.

"अभिराम घरी आहे आज," त्यांनी बाहेर निघालेल्या सुनेला सांगून पाहिलं.

"बुधवार ना बाबा," मृदुला म्हणाली आणि ऑफिसला गेली. म्हणजे तीही सामील होती.

इथे नोकरी जाणं ही साधी गोष्ट नव्हती. अभिराम नेदरलँड्समध्ये 'उच्चकुशल' माणसांच्या व्हिसावर आला होता, आणि तो शब्द शशिकांतरावांनी पुण्यातल्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर ऐकवला होता. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. त्यातून आइंडहोवेनशेजारच्या बेस्ट नावाच्या गावातलं हे घर नुकतंच घेतलेलं.

मागच्या अंगणात शेजारचे हेंक झुडपं कापत होते. शशिकांतराव कुंपणापाशी गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "हेंक, तुमच्याकडे आता बाहेरची माणसं कुठल्या कामांना घेतात?"

"इलेक्ट्रिशियन हवेत. वेल्डर हवेत. घरं गरम करायचे हीट पंप बसवणारे तर औषधालाही सापडत नाहीत. कोणासाठी विचारताय?"

"आहे एक ओळखीचा."

हेंकनी कुंपणावरून आत पाहिलं. ओळखीचा व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होता.

"हं," हेंक म्हणाले.

त्या संध्याकाळपासून शशिकांतरावांनी मुलाची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. आधी दिवा बदलायला लावला. मग न्हाणीघरातला ठिबकणारा नळ दुरुस्त करायला सांगितला. अभिरामने मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, पाना लावला आणि नळ उपटून हातात घेतला. पाणी हॉलपर्यंत आलं. शेवटी हेंक धावत आले आणि त्यांनी मेन कॉक बंद केला. जाताना त्यांनी अभिरामच्या खांद्यावर फार सहानुभूतीने थोपटलं.

"बाबा काहीतरी लपवतायत," रात्री अभिराम मृदुलाला म्हणाला. "मला पाना धरायला शिकवतायत."

"पुण्याचं घर विकून इथेच यायचा बेत नसेल ना?" मृदुला म्हणाली, आणि मग दोघंही त्यांच्यावर लक्ष ठेवू लागली.

आता, हेंक ज्या गायकवृंदात गात, त्यातच अभिरामचा मॅनेजर मार्टेनही गात असे. हेंकना चहाडी करायची सवय नव्हती, पण मनात आलं की बोलून टाकायचं, अशी त्या देशाची रीत. "तुमचा भारतीय इंजिनिअर हीट पंपाच्या धंद्यात चाललाय," ते म्हणाले. "हात अजून बसलेला नाही, पण बाप कसून मेहनत घेतोय."

मार्टेनच्या तोंडचं पाणी पळालं. असा माणूस परदेशातून शोधून आणायचा, तर वर्ष जातं. त्याने अभिरामला निरोप पाठवला, 'बुधवारी सकाळी घरी येतो. बोलायचंय.'

आता मात्र अभिरामचा चेहरा खरोखरच उतरला. त्याचा करार वसंतात संपत होता.

"आता तरी खरं सांगशील?" शशिकांतराव म्हणाले.

"काय सांगू बाबा? मलाच काही कळत नाहीये."

या खेपेला त्यांचा मुलावर विश्वास बसला, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली.

बुधवारी मृदुलाही घरी थांबली. मार्टेन पुढे लाकडी खोका लावलेल्या सायकलवरून आला. खोक्यात दोन पोरं आणि एक फुलांचा गुच्छ होता. पोरं गुंजनच्या खेळण्यांवर तुटून पडली, आणि मार्टेनने बसायच्या आधीच विषय काढला.

"अभिराम, हीट पंपाकडे जाऊ नकोस. हा कायमचा करार. मी सही करून आणलाय."

"कुठला हीट पंप?" असं अभिरामच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने वडिलांकडे पाहिलं, वडील छताकडे पाहत होते. तो उच्चकुशल असल्यामुळे गप्प बसला आणि त्याने सही केली.

शशिकांतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मार्टेनचे दोन्ही हात धरले. "एवढ्या कामातून वेळ काढून आलात."

"छे, बुधवारी मी कामावर नसतोच," मार्टेन हसून म्हणाला. "मुलांबरोबर घरी असतो. माझाही पापादाख."

शशिकांतरावांच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. त्यांनी मुलाला आणि सुनेला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"त्या करारावर कंपनीतर्फे सही कोणाची?"

"मार्टेनची."

"म्हणजे भर बुधवारी घरी बसवलेल्या माणसाची. अधिकार नसलेल्याची सही मी जन्मात कधी मान्य केली नाही."

"बाबा, तो माझा मॅनेजर आहे."

"होता," शशिकांतराव म्हणाले.

त्यांनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. मार्टेन गालिच्यावर घोडा झाला होता, त्याचं धाकटं पोर पाठीवर बसून खिदळत होतं. ते बघून शशिकांतरावांना भडभडून आलं.

"मृदुला, त्या लेकरांना अजून एकेक लाडू दे गं," ते हळूच म्हणाले. "बापाने घरी अजून काही सांगितलेलं दिसत नाही."