मोघेकाकांची हरकत

मोघेकाकांना कशालाही चांगलं म्हणताना मी कधी ऐकलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीतून उठताना म्हणाले, "मठ्ठा ठीक होता. लग्न लांबलं." त्यांच्या हिशेबी हे कौतुकच.

कर्वेनगरातली आमची तीन मजली इमारत पाडून आठ मजली व्हायची होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी. नव्या इमारतीचं रंगीत चित्र आणि घरांचा नकाशा आम्ही जिन्याखाली लावला, शेजारी अभिप्रायाची वही ठेवली. पहिल्या मजल्यावरच्या आयटीवाल्यानं लिहिलं, 'लुक अजून प्रीमियम हवा.' कुणाला गच्चीवर पोहण्याचा तलाव हवा होता. नळाला पाणी एक वेळच येतं, हे तो विसरला. मोघेकाकांनी एकच ओळ लिहिली. 'दारातून शिरल्यावर स्वयंपाकघर उजव्या हाताला हवं. सध्या आहे तसं.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ. मग रोज, खाली सहीसकट.

सभेत आर्किटेक्टनं समजावलं की पाइपांमुळे स्वयंपाकघर डावीकडेच येणार. काका ऐकेनात. कुणीतरी विचारलं, वास्तुशास्त्र का?

"नाही. सोय."

"कसली?"

"आमची."

मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, उजवा हात वर करा, म्हणजे तुमची हरकत मोजतो." सगळे हसले. काकांनी खरंच हात वर केला. विरोधात तेवढा एकच हात. नकाशा मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतीपत्रावर मुकाट सही केली आणि मापांसकट नकाशाची प्रत मागितली. आता चुका काढत बसणार, असं मी घरी सांगितलं.

आठवडाभरानं सकाळी टाकी बघायला गच्चीवर गेलो. जमिनीवर खडूनं नवं घर आखलेलं होतं, खऱ्या मापाचं. त्यात मोघेकाकू हात पुढे धरून चालत होत्या. वर्षभर त्या जिन्यात भेटल्या तरी ओळख दाखवत नव्हत्या. शिष्ट झाल्या, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती. काकांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. जुन्या घरात त्या पावलं मोजून चहासुद्धा करायच्या.

दारातून चार पावलं टाकून त्या उजवीकडे वळल्या.

"डावीकडे," काका म्हणाले.

"आपलं उजवीकडे आहे ना?"

"होतं."

त्यांनी काकूंना हाताला धरून पुन्हा दाराशी नेलं. काकू पुन्हा उजवीकडेच वळल्या. काकांनी पुन्हा नेलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"सेक्रेटरी, चपला काढा. तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात."

मी काढल्या.