कर्ता गाळलेले मास्तर

शेजारच्या चौगुले मास्तरांच्या छत्रीचा धक्का लागून आमचा माठ फुटला. मी बाहेर आले तर मला म्हणाले, "आक्का, माठ फोडला गेला."

"कुणी फोडला?"

"ते गाळलं तरी चालतं. इंग्रजीत त्याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात."

मी निपाणीत मराठी चौथी शिकलेली बाई. पण माठापुरतं इंग्रजी मला तेव्हाच कळलं.

मास्तर शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवत आणि घरीही तसंच बोलत. त्यांच्याकडून आमटी खारट केली जायची, छत्री विसरली जायची. माणूस भारी भित्रा. तपासणीचा साहेब येणार म्हटलं की जेवण जायचं नाही. 'मी' म्हटलं की कुणीतरी धरतं, अशी त्यांची समजूत. बायको वारलेली, घरात ते आणि मुलगी सुशी. घरातला कर्ता पुरुषच प्रत्येक वाक्यातून पळून जायचा.

लढाईच्या दिवसांत कोगनोळीच्या एका तंबाखूवाल्याने सुशीला मागणी घातली. बिजवर, मास्तरांच्याच वयाचा. सुशी रडून नको म्हणाली. मास्तरांनी मध्यस्थाला काय सांगावं? "विचार केला जाईल." त्याने तो होकार धरला आणि मंडळी थेट सुपारी फोडून लग्न पक्कं करायला दारात.

चहा करायला मला बोलावलं. आत सुशी माझ्याशेजारी दाराआड उभी. बाहेर मास्तर हातात कप धरून नुसते घाम पुसत होते.

"फोडायची न्हवं सुपारी, मास्तर?" तंबाखूवाल्याचा भाऊ म्हणाला.

"जरा... थांबलं जावं."

"का ओ?"

"मुलगी दिली जाणार नाही."

"आँ? न्हाय म्हणतंय कोण? पोरगी व्हय?"

सुशीने माझा दंड घट्ट धरला. मास्तर गप्प राहिले असते, तर तिच्या नावाने निपाणीभर बोभाटा झाला असता. पुढे तिला कुणी केली नसती. मी दाराच्या फटीतून बघत होते. मास्तर उठले. कप हातातून पडला.

"मी म्हणतोय. मी देत न्हाय!"

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांचा असला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मंडळी शिव्या घालत निघून गेली. मास्तर उंबऱ्यावर बसले.

"आक्का, कप फोडला गेला."

"दिसलं," मी म्हटलं.

"पाणी दिलं जावं."

सुशी तांब्या घेऊन आली. "कुणी, आप्पा?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं.

"तू दे गं. ह्या घरात हाईस तवर तूच दे."